हिरव्या विहिरीचं गाव

त्या काळात सोयरीक जमवताना पत्रिका मागाहून बघत, आधी विहिरीचा रंग विचारत. गावोगावच्या पाणवठ्यांवर पाणी खात्याने पाट्या लावल्या होत्या. पाण्यातलं नायट्रेट बेताचं असेल तर पाटी हिरवी, हद्द ओलांडली की लाल. लाल पाटीच्या गावात मुलगी द्यायची म्हणजे तिच्या बाळासाठी बाहेरून पाणी आणत बसायचं. त्यामुळे लाल गावांतली शिकलीसवरली, कमावती मुलंसुद्धा बिनलग्नाची राहत होती, आणि त्यांचे बाप अंधारात पाटीला हिरवा रंग फासताना पकडले जात होते.

नंदकुमार पिसाळ असल्या पाट्यांवर विसंबणारे नव्हते. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांचा जन्म गेला होता. मोरदऱ्यात त्यांना केमिस्टसाहेब म्हणत आणि ते त्यांना मनापासून आवडत असे. एकुलत्या एक ईश्वरीसाठी तळसंगचं स्थळ आलं, तेव्हा मुलाच्या घरी जाण्याआधी ते गावच्या विहिरीवर गेले. पोहऱ्यातल्या पाण्यात त्यांनी नायट्रेट असेल तर जांभळी होणारी तपासणीची काडी बुडवली आणि फोनसमोर धरली. काडी जवळजवळ पांढरीच राहिली. तळसंगला उसाचं पाणी कधी पोचलंच नव्हतं. कोरडवाहू ज्वारी, हरभरा आणि फार तर करडई. त्या गरिबीनेच ती विहीर राखली होती.

मुलाची आई मंगलबाई हे सगळं दुरून बघत होत्या. नवरा गेल्यावर त्यांनी तेजसला एकटीने वाढवलं होतं आणि आता तो सौरपंप दुरुस्त करत पंचक्रोशीत फिरत असे.

"पाव्हणं, पोराला बघायला आलाय का हिरीला?" त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे करत विचारलं.

"दोघांना. विहीर पास झाली, आता मुलगा."

मंगलबाई हसल्या. नंदकुमारांनी तांब्या तोंडाला लावला. ऊन मी म्हणत होतं आणि पाणी गार होतं. "पाणी गोड आहे," ते म्हणाले, आणि पुढच्या महिन्यात ईश्वरीचं लग्न झालं.

लग्नानंतर मात्र त्यांनी त्या घरचं पाणी घेतलं नाही. मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या सासरचं पाणी प्यायचं नाही, ही पिसाळांची जुनी रीत. एरवी सत्यनारायणाला नाक मुरडणारे नंदकुमार ही रीत मात्र निमूट पाळत. बापाने पाळली होती, चुलत्यांनी पाळली होती, आणि शिवाय पाळायला सोपी होती. मोरदऱ्याहून निघताना बाटली भरून घ्यायची, की झालं. मंगलबाई दर वेळी तांब्या भरून आणत आणि दर वेळी तसाच परत नेत. "नातवंड होऊ द्या," नंदकुमार म्हणत, "मग घागर संपवतो तुमची."

आता मोरदऱ्याबद्दल सांगायला हवं, कारण घडलं ते सगळं तिथून.

मोरदरा तळसंगच्या वरच्या अंगाला, पठारावर. उपसा योजनेचं पाणी पोचलं आणि गाव उसाने हिरवंगार झालं. उसाला युरिया लागतो. पीक त्यातला वाटा उचलतं, आणि उरलेला पाण्याबरोबर नायट्रेट होऊन जमिनीत उतरतो आणि विहिरीला लागतो. मोठ्या माणसाला त्याचं सहसा काही होत नाही. पण तान्ह्या बाळाच्या पोटात आम्ल कमी असतं. तिथले जंतू नायट्रेटचं नायट्राइट करतात, ते रक्तात जातं आणि रक्तातल्या लोहाची प्राणवायू वाहायची ताकद मारून टाकतं. बाळ श्वास घेत राहतं आणि तरीही गुदमरतं. आधी ओठ निळे पडतात, मग नखं.

मोरदऱ्याची पाटी लाल झाली, मग गडद लाल झाली, आणि मग, ईश्वरी शाळेत असताना, सरकारी योजनेतून गावात चाळण आली. ते एवढंसं यंत्र नव्हतं, चांगली दोन खोल्यांची इमारत होती, पण नाव चाळणच पडलं. एका उंच टाकीत राळेचे बारीक मणी भरलेले. पाणी त्यांतून गेलं की मणी नायट्रेट धरून ठेवत आणि त्याच्या बदल्यात मिठातलं क्लोराइड सोडत. मणी भरले की त्यांना कडक मिठाच्या पाण्याने धुवायचं. मणी पुन्हा ताजे, आणि अख्ख्या गावाचं नायट्रेट त्या धुवणात. जुन्या यंत्रांचं घोडं इथेच अडे, की या धुवणाचं करायचं काय. चाळणीतली नवलाई पुढच्या टाक्यात होती. तिथे खाऱ्या पाण्यातही तगतील असे जिवाणू सोडलेले. हवा नसलेल्या टाक्यात श्वासासाठी ते नायट्रेटमधला प्राणवायू ओढून घेत आणि मागे उरे तो निव्वळ नत्रवायू, जो बुडबुड्यांनी वर येऊन हवेत मिसळून जाई. खताच्या कारखान्याने तो हवेतूनच घेतलेला असतो, म्हणजे ज्याचं त्याला परत. नंदकुमारांना हे फार सुंदर वाटे. शाळेच्या सहली आल्या की ते स्वतः समजावून सांगत आणि शेवटी टाळ्या घेत.

पण जिवाणू म्हणजे जित्राब. त्यांना खायला रोज कारखान्याची मळी घालावी लागे, थंडीत ते मंदावत, मळीचं प्रमाण चुकलं की अर्धवट काम करून बसत, आणि मग सुटे तो वास. सडक्या अंड्यांचा, कुजक्या मळीचा. टाकं होतं गावाच्या नव्या मंगल कार्यालयाला लागून. ईश्वरी सासरी गेल्यावर तिथल्या एका लग्नात वऱ्हाडाने नाकाला रुमाल लावून अक्षता टाकल्या आणि मुलाकडचे न जेवता उठले. सरपंच आनंदराव दुसऱ्याच दिवशी नंदकुमारांकडे आले. पाणी समितीत शिकलेले असे एकटे नंदकुमारच होते.

"केमिस्टसाहेब, त्या किड्यांचं कायतरी करा. नळाचं पाणी चांगलं येतंय, मग ही घाण कशाला पाळायची?"

नंदकुमारांनी थोडा विचार केला. थोडाच. गायरानात एक कोरडी बोअर होती, सरळ काळ्या खडकात गेलेली. "धुवण तिकडे सोडा," ते म्हणाले. "खडकात जिरून जाईल."

पदार्थ कुठे जात नाही, फक्त जागा बदलतो, हे त्यांनी जन्मभर प्रयोगशाळेत नव्या पोरांना शिकवलं होतं. पण गावाने आपल्या शब्दावर निश्चिंत व्हावं यातही एक गोडी असते. बोअरने धुवण गटागटा पिऊन टाकलं. टाकं बुजवून तिथे कार्यालयाचं वाहनतळ झालं.

आणखी एक गोष्ट झाली, जी कुठल्याही योजनेत लिहिलेली नव्हती. चाळण येण्याआधी लोक युरिया टाकताना जरा तरी हात आखडत. घरात कुणाची तरी सून गरोदर असे. आता नळाला काचेसारखं पाणी येत होतं. पाणी निवळायची सोय झाल्यावर ते नासवू नये असं काही कारणच उरलं नाही. ड्रोन शेतांवरून दुप्पट खत फवारत फिरू लागले, चाळणीचे मणी दुप्पट वेळा धुवावे लागले आणि गायरानातली बोअर बिनतक्रार पीत राहिली.

ईश्वरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. नंदकुमारांच्या बायकोने, सुवर्णाने, बाळंतिणीची सगळी व्यवस्था तिच्या आईच्या पद्धतीने ठेवली. बाळंतिणीला आणि बाळाला पाणी द्यायचं ते चुलीवर आटवून, निम्मं राहीपर्यंत. मोठं पातेलं ठेवायचं आणि काठावरची खूण उघडी पडली की उतरवायचं.

"निम्म्याने आटवून काय होतं गं?" नंदकुमारांनी गमतीने विचारलं.

"हलकं होतं. पचतं."

जड होतं, हे त्यांना माहीत होतं. उकळून जंतू मरतात. नायट्रेट मरत नाही. पाणी वाफ होऊन जातं आणि ते सगळंच्या सगळं खाली राहतं, दुप्पट दाट होऊन. पण चाळणीच्या पाण्यात मुळात ते नव्हतंच, मग आटवेनात का. बायकांच्या कामात उगाच ज्ञान कशाला पाजळा, म्हणून ते गप्प बसले. ईश्वरी पलंगावर पडून आईची पद्धत बघत होती. सासरी निघताना तिने ती सासूला फोनवर नीट समजावून सांगितली.

बारशाला नाव ठेवलं ओवी. बाळ गुटगुटीत होतं. तळसंगला पोचवायला नंदकुमार स्वतः गेले, तेव्हा मंगलबाईंनी भाकरतुकडा ओवाळून नात आत घेतली आणि लगेच तांब्या आणला. "आता तर घ्याल?" पण गाडी थांबली होती, ऊन चढत होतं. "पुढच्या खेपेला," नंदकुमार म्हणाले. एक घोट घेतला असता तर त्यांच्या जिभेने त्यांना तिथेच सांगितलं असतं.

फोन आला तो तेजसचा. ईश्वरी तापाने आजारी पडली होती, दूध कमी झालं म्हणून बाळाला पावडरचं दूध चालू केलं होतं, आणि आता बाळाचे ओठ काळपट दिसत होते. मंगलबाईंनी आधी थंडी समजून शेकलं, मग दृष्ट काढली. तालुक्याच्या डॉक्टरांनी हृदयाला भोक असेल म्हणून शहरात पाठवलं. नंदकुमार आणि सुवर्णा थेट दवाखान्यात पोचले.

ओवी नळ्यांमध्ये पडली होती. रंग दगडी पेन्सिलीसारखा राखी. परिचारिकेने रक्त काढलं, आणि नंदकुमारांनी नळीकडे बघितलं. रक्त लाल नव्हतं. तपकिरी होतं, चॉकलेटच्या रंगाचं.  हृदयाला भोकबिक काही नव्हतं.

बालरोगतज्ज्ञ तरुण बाई होत्या. त्यांनी एका थेंबावर हवा सोडून बघितली, तरी तो लाल झाला नाही, आणि त्या वळल्या. "पाणी कुठलं वापरता?"

"आमच्या गावची हीर हिरवी हाय," मंगलबाई म्हणाल्या. "आन मी कच्चं पाणी एक थेंब दिलं न्हाई लेकराला. निम्मं आटवून, गाळून, मगच दूध कालवायचं. ईश्वरीच्या आईची पद्धत, ईश्वरीनं सांगितली तशीच. एक दिस चुकले न्हाई."

त्या हे जरा अभिमानानेच म्हणाल्या होत्या. डॉक्टरांनी मान खाली घातली. "आजी, उकळल्याने हे जात नाही. वाढतं. तुम्ही रोज दुप्पट दिलंत."

तेजसने आईकडे बघितलं, आणि ते बघणं नंदकुमारांनीही बघितलं. सुवर्णा तोंडात पदर धरून रडत होती. पद्धत तिची होती, पण तिच्याकडे कुणी वळलं नाही. बोलायची वेळ होती ती हीच. हिरवी विहीर कशी बिघडली हे त्या खोलीत एका माणसाला कळलं होतं, आणि तो म्हणाला, "बरोबर आहे डॉक्टर. उकळल्याने नायट्रेट दाट होतं." शब्दन् शब्द खरा.

मंगलबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. औषध म्हणून बाळाच्या शिरेत निळं रंगद्रव्य सोडलं. निळ्या पडलेल्या जिवाला निळंच औषध, आणि त्याने खरोखर तासाभरात ओठ गुलाबी झाले. ओवी रडली. सगळे रडले. मंगलबाई दाराबाहेरून बघत होत्या, आत आल्या नाहीत.

बाहेरच्या बाकावर ईश्वरी बापाशेजारी येऊन बसली. "पप्पा, आमचं पाणी वर्षभर खारट लागतंय. डाळ शिजत नाही नीट. खारट कशाने होत असेल?"

"पाणी खोल गेलं की होतं असं."

ईश्वरीने त्यांच्याकडे वळून बघितलं. लहानपणी शाळेच्या सहलीबरोबर तीही चाळण बघायला येत असे. मिठाची पोती कुठे रचलेली असतात, हे तिला ठाऊक होतं.

घरी परतताना नंदकुमार वाट वाकडी करून तळसंगच्या विहिरीवर गेले. पाटी हिरवी होती. ती लावल्यापासून पुन्हा तपासायला कुणी फिरकलंच नव्हतं. पोहऱ्यातली काडी बघता बघता गडद जांभळी झाली. त्यांनी वर पठाराकडे बघितलं. गायरान आणि ही विहीर यांच्यात एक उतार होता आणि भेगाळलेला काळा खडक, एवढंच.

ते तसेच आनंदरावांकडे गेले. मंगल कार्यालयात कुणाचा तरी साखरपुडा होता, वाहनतळ भरलेलं. नंदकुमारांनी सगळं सांगितलं. जिवाणूंचं टाकं पुन्हा बांधू, धुवण बोअरमध्ये सोडणं आजच्या आज बंद करू.

आनंदराव ऐकून घेणारा माणूस होता. त्याने चहा मागवला. "बाळ बरं हाय न्हवं आता? मग झालं तर. आन साहेब, धुवण थांबवलं तर चाळण थांबणार. आपल्या गावातबी पाळण्यात पोरं हायती."

"म्हणून त्यांचं विष खालच्यांना पाजायचं?"

"आवाज चढवू नका. खडकात जिरंल, असं म्या म्हटलं हुतं का? गावानं तुमच्या शब्दावर टाकं बुजवलं. आता हे भाईर गेलं तर आधी कुणाचं नाव येईल?" त्याने कप पुढे सरकवला. "असं करा. चाळणीचं पाणी कॅन भरून रोज लेकीकडं न्या. गाडी पंचायतीची. कोण काय म्हणत न्हाई."

नंदकुमारांनी कप जवळ ओढला. मग त्यांनी चहा घेतला. उठून जाता आलं असतं, पण ते उठले नाहीत, हे इथे लिहून ठेवायला हवं.

ओवी घरी आली त्या दिवशी ते कॅन घेऊन तळसंगला पोचले. ईश्वरी अंगणातच उभी होती, बाळ खांद्यावर. तिने कॅनकडे बघितलं.

"हे फक्त आपल्याला?"

"हो. तुला रोज येईल."

"शेजारी कांचनवहिनीला पंधरा दिवसांचा मुलगा आहे. खालच्या आळीत आणखी दोन बाया दिवसात आहेत." तिचा आवाज सपाट होता. "जिवाणूंचं टाकं चालू आहे का, पप्पा?"

नंदकुमार चप्पल काढण्यात गुंतले.

"मला उत्तर मिळालं," ईश्वरी म्हणाली. "मला नका सांगू. आत सासूबाई आहेत. दवाखान्यातल्या त्या दिवसापासून त्यांनी ओवीला हात लावलेला नाही. तेजस त्यांच्याशी धड बोलत नाही. गावातल्या बायका दारावरून जाताना बोलतात, ते त्या ऐकून घेतात. त्यांना सांगा, पाणी कुणी नासवलं. एवढं सांगा आणि मग कॅन आत आणा."

ते आत गेले. काय बोलायचं ते उंबरा ओलांडेपर्यंत त्यांच्या मनात तयार होतं. मंगलबाई सोप्यात ज्वारी निवडत होत्या. तेवढ्या दिवसांत बाई निम्मी झाली होती. व्याह्यांना बघून त्या गडबडीने उठल्या, आत गेल्या आणि तांब्या भरून घेऊन आल्या. आता हसल्या नाहीत.

"घ्या. नात झाली, आता रीत सुटली तुमची." त्यांनी तांब्या पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. "का आता आमच्या घरचं पाणी नगंच वाटतंय? तसं असलं तर तसं सांगा. मला राग न्हाई यायचा. मी केलंच हाय तसं."

नंदकुमारांनी तांब्या घेतला. मोठ्या माणसाला या पाण्याने काही होत नाही. त्यांना काहीच होणार नव्हतं. त्यांनी घोट घेतला. पाणी खारट होतं, मचूळ, आणि ते मीठ त्यांच्या ओळखीचं होतं. त्यांनी दुसरा घोट घेतला. त्यांनी बोलायला तोंड उघडलं. डोळ्यांपुढे आनंदराव आला, सहलीतली पोरं आली, टाळ्या आल्या, मोरदऱ्याच्या रस्त्यावर आपल्याला वाट करून देणारी माणसं आली. मंगलबाई त्यांच्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या.

"पाणी गोड आहे," ते म्हणाले.

मंगलबाई क्षणभर गोंधळल्या. "गोड लागतंय? मला आपलं वर्षभर खारट लागतंय." त्यांनी तांब्या परत घेतला आणि त्यात डोकावून बघितलं. "म्हंजे माझी जीबच बिघडली असंल. जिभंनं सांगितलं नसंल, न्हाईतर माझ्या हातनं असं झालं नसतं."

दारात ईश्वरी उभी होती. किती वेळ ते नंदकुमारांना कळलं नाही. ती आत आली, सासूजवळ गेली आणि तिने ओवीला मंगलबाईंच्या हातात दिलं. मंगलबाई मागे सरकल्या. "नगं गं, माझ्या हातात नगं." पण ईश्वरीने हात काढून घेतले होते, त्यामुळे त्यांना बाळाला धरावंच लागलं.

मग ती अंगणात आली. कॅन उचलला, कमरेवर घेतला आणि शेजारच्या कांचनच्या ओट्यावर नेऊन ठेवला. परत येईपर्यंत नंदकुमार चपला घालून उभे होते.

"मी येतो पुन्हा रविवारी," ते म्हणाले.

"या," ईश्वरी म्हणाली. "पण घरून बाटली भरून आणा, पप्पा, पहिल्यासारखी. यापुढे आमच्या घरचं पाणी तुम्ही पिऊ नका."

आत मंगलबाई नातीला सगळं समजावून सांगत होत्या, की आजीचं चुकलं, आजी अडाणी, आजीला कळलं नाही. ईश्वरी बापाकडे पाठ करून आत गेली. नंदकुमारांनी गाडी सुरू केली. तोंडातली खारट चव जावी म्हणून त्यांनी बाटली उघडून मोरदऱ्याचं पाणी प्यायलं, आणि ते खरोखरच गोड होतं.